सोव्हिएत हॉटेलातले बावीस टक्के

आपल्या कॉलेजात रशिया आजवर दोन वाटांनी आला. पहिली वाट लायब्ररीची. मीर प्रकाशनाची ती जाड बांधणीची स्वस्त पुस्तकं आणि तो इरोडॉव्ह, ज्याने बारावीपासून अनेकांची झोप उडवली. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामुळे ही पुस्तकं मराठवाड्यातल्या घराघरांत पोहोचली होती. आमच्या पिढीने रशिया आधी असा गणितातूनच पाहिला. दुसरी वाट डॉक्टरकीची. लातूर-नांदेडच्या प्रत्येक गल्लीत एक तरी मुलगा किंवा मुलगी रशियात एम.बी.बी.एस.ला गेलेली सापडते. आणि आता तिसरी वाट उघडली आहे. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात वंदे भारतच्या १२० स्लीपर गाड्या बांधायचं काम २०२३ साली ज्या भागीदारीला मिळालं, तिच्यात रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग ही कंपनी आहे. म्हणजे उद्या कुणी मेकॅनिकलवाला इथून तिकडे ट्रेनिंगला जाणार, हे काही स्वप्नरंजन नाही.

मासिकाच्या संपादक मंडळींनी ‘सर, प्रवासवर्णन द्या’ म्हणून मागे लागल्यावर मी ठरवलं की प्रवासवर्णन द्यायचं नाही. विमानात काय खाल्लं आणि बर्फ कसा पांढरा होता, हे वाचून कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा एक इमारत समजावून सांगतो. शिकवायला लागण्याआधी मी एका कंपनीत होतो. २०१२ साली कंपनीच्या कामाने मॉस्कोला गेलो आणि चार रात्री ‘लेनिनग्राडस्काया’ हॉटेलात राहिलो. भाडं कंपनीने भरलं, नाहीतर माझ्या पगारात तिथल्या दारवानाला नमस्कार करून परत यावं लागलं असतं!

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. १९४७ साली मॉस्को शहराला ८०० वर्षं झाली. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. देश उद्ध्वस्त, माणसं एकेका खोलीत एकेक कुटुंब करून राहतात, स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत एक. आणि अशा वेळी स्टॅलिनने ठरवलं की मॉस्कोत आठ गगनचुंबी इमारती उभ्या करायच्या. सप्टेंबर १९४७ मध्ये त्यांच्या कोनशिला बसवल्या गेल्या. प्रत्यक्षात सात पूर्ण झाल्या, म्हणून त्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यातली सर्वांत उंच मॉस्को विद्यापीठाची, २४० मीटर, १९५३ ची. बाकीच्यांत दोन हॉटेलं : १९५४ चं लेनिनग्राडस्काया आणि १९५७ चं ‘उक्राईना’. पुढे सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेवने आपल्या आठवणींत यामागचं कारण सांगितलं आहे. युद्ध जिंकलं, आता परदेशी लोक येतील आणि आपल्याकडे एकही उंच इमारत नाही असं म्हणतील, ही स्टॅलिनची बोच होती. म्हणजे पाहुण्यांना दाखवायला घर रंगवायचं आणि आतल्या खोलीत पोरं दाटीवाटीने झोपलेली. आपल्या वाड्यांतही हे होत आलंय, फक्त तिथे ते सरकारी खर्चाने झालं.

आता आपल्या कामाचं. किल्लारीनंतर आपल्या भागात उंच भिंत पाहिली की माणूस आधी विचारतो, सांगाडा कशाचा आहे? मीही तेच केलं. बाहेरून हे हॉटेल एखाद्या जुन्या रशियन चर्चसारखं किंवा किल्ल्यासारखं दिसतं. पण ते सगळं अंगरखा आहे. आत पोलादी सांगाडा आहे, त्यावर काँक्रीटचं आवरण आणि मध्ये विटांची, पोकळ सिरॅमिक ठोकळ्यांची भरणी. भिंत वजन उचलत नाही, नुसती थंडी अडवते. सांगाडा जसजसा वर जाईल तसतशी स्वतःच वर सरकणारी टॉवर क्रेन त्यांनी याच इमारतींसाठी वापरली. आज पुण्या-मुंबईच्या साईटवर ती पाहून आपल्याला नवल वाटत नाही, पण साल लक्षात घ्या.

पायाची गोष्ट त्याहून भारी आहे. मॉस्कोची जमीन म्हणजे आपला बेसॉल्ट नव्हे. आपण दहा फूट खणलं की मुरूम, मग कातळ, की झालं. तिथे वाळू, चिकणमाती, पाणी यांचे थर एकावर एक. ‘उक्राईना’ तर मॉस्क्वा नदीच्या वळणावर, अगदी काठाला आहे. तिथे पाया खणताना खड्ड्याभोवती बारीक नळ्या रोवून जमिनीतलं पाणी सतत उपसत राहावं लागलं, ज्याला आपण सॉईल मेकॅनिक्समध्ये वेलपॉइंट म्हणतो आणि परीक्षेत चार मार्काला लिहितो.

सगळ्यात कमाल केली ती ‘क्रास्निये वरोता’ चौकातल्या बहिणीने. लेनिनग्राडस्कायापासून हा चौक फार लांब नाही. तिथे एकाच वेळी वर उंच इमारत आणि तिच्या पोटात मेट्रो स्टेशनचं प्रवेशद्वार बांधायचं होतं. इमारतीच्या एका बाजूला खोल खड्डा आणि ओली माती. मग त्यांनी काय करावं? मातीत पाईप घालून त्यातून शून्याखाली थंड केलेलं खारं पाणी फिरवलं आणि माती गोठवून टाकली. गोठलेली माती दगडासारखी उभी राहते. पण पाणी गोठताना फुगतं, आणि नंतर माती वितळली की खचते. हे गृहीत धरून इंजिनियरांनी हिशेब मांडला आणि इमारत मुद्दाम उलट्या बाजूला किंचित कलती बांधली. माती वितळल्यावर इमारत हळूहळू सरळ झाली! आजही उभी आहे. एखाद्या पोराने प्रोजेक्टला ‘सर, मी बिल्डिंग वाकडी बांधतो, नंतर सरळ होईल’ असं सांगितलं तर मी त्याला केबिनबाहेर काढीन. पण त्यांनी केलं, आणि कागदावरचं उत्तर जमिनीवर तसंच निघालं. विद्यापीठाच्या इमारतीचा पेटीसारखा पाया निकोलाय निकितिन नावाच्या इंजिनियरने बसवला. पुढे मॉस्कोचा ५४० मीटर उंच ओस्तान्किनो टीव्ही मनोरा (१९६७) त्याच्याच डोक्यातून आला.

(निकितिन नावावरून आठवलं. आणखी एक निकितिन आपल्या भागातून फिरून गेलाय. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला आणि तिथून थेट बिदरला आला. उदगीर-देगलूरच्या पलीकडचं बिदर म्हणजे आपल्या दाराशीच. त्याने लिहून ठेवलंय की इकडे प्रवासी धर्मशाळेत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून वाढतात. म्हणजे आपल्याकडच्या लॉजिंग-बोर्डिंगवर रशियन माणसाने लिहिलेला हा बहुधा पहिलाच अभिप्राय. ‘परदेसी’ नावाचा हिंदी-रशियन सिनेमा १९५७ ला त्याच्यावरच निघाला, नर्गिस होती त्यात.)

असो. हॉटेलात शिरू.

पायऱ्या चढून आत गेलं की डोळे दिपतात, दुसरा शब्द नाही. उंच खांब, घोटलेला दगड, सोनेरी जाळ्या, नक्षीचं छत आणि अशी झुंबरं की खालून जाताना मान आपोआप आखडते. मी एका बाजूला उभा राहून अर्धा तास नुसता वर पाहत होतो, सुरक्षारक्षक दोनदा येऊन बघून गेला. मग लिफ्टने खोलीत गेलो, आणि खोली बघून म्हटलं, एवढीच? चांगली होती, उबदार होती, नवी कोरी केलेली होती. २००८ साली हिल्टनने दुरुस्ती करून हे हॉटेल पुन्हा सुरू केलं, तेव्हा खोल्या थोड्या मोठ्या करून त्यांची संख्या कमी केली, २७३ वर आणली. तरीही खालच्या त्या दरबाराच्या मानाने खोली म्हणजे मिरवणुकीच्या शेवटी चालणारा माणूस.

याचा हिशेब मला नंतर सापडला आणि त्यासाठीच खरं तर हा लेख लिहितोय. स्टॅलिन १९५३ ला गेला. डिसेंबर १९५४ मध्ये ख्रुश्चेवने बांधकामवाल्यांच्या देशव्यापी परिषदेत भाषण ठोकून या सगळ्या थाटामाटावर कोरडे ओढले. मग ४ नोव्हेंबर १९५५ ला सरकारी फर्मान निघालं : डिझाईन आणि बांधकामातला फाजीलपणा बंद करा. त्यात लेनिनग्राडस्कायाचं नाव घेऊन झाडलं आहे. ३५४ खोल्यांच्या या हॉटेलावर जेवढा पैसा गेला, तेवढ्यात काटकसरीने आखलेलं १००० खोल्यांचं हॉटेल झालं असतं. आणि इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी राहण्याच्या खोल्यांना मिळालेली जागा फक्त २२ टक्के! म्हणजे शंभर चौरस मीटर बांधलं, त्यातल्या बावीसात पाहुणा झोपतो. उरलेले अठ्ठ्याहत्तर कुठे गेले? साध्या हॉटेलात निम्म्याहून जास्त जागा खोल्यांना मिळायला हवी. आपलं होस्टेल मोजा हवं तर, संध्याकाळी टेप घेऊन निघा, रेक्टरसाहेबांना विचारून.

कारण सोपं आहे. इमारत जितकी उंच आणि वर बारीक होत जाणारी, तितका तिचा प्रत्येक मजला लिफ्ट, जिने, पाण्याच्या आणि हवेच्या वाहिन्या खाऊन टाकतात. या गोष्टी वर जाताना बारीक होत नाहीत, मजला मात्र होतो. त्यात वरचा मनोरा, कळस आणि तारा म्हणजे राहण्याच्या दृष्टीने शून्य. वर दिवाणखाने, गॅलऱ्या, जाडजूड भिंती. हॉटेल आतून बाहेर आखलेलं नाही, बाहेरून आत आखलं आहे. आधी शहराच्या क्षितिजावर काय दिसायला हवं ते ठरलं आणि मग माणसाला कुठे कोंबता येईल ते पाहिलं.

या हॉटेलाचे आर्किटेक्ट पोल्याकोव्ह आणि बोरेत्स्की. याच डिझाईनबद्दल त्यांना स्टॅलिन पुरस्कार मिळाला होता. १९५५ च्या त्या फर्मानाने तो काढून घेतला. इथे मात्र मला या दोघांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी स्वतःच्या मनाने थोडंच केलं होतं हे? वरून सांगितलं कळस पाहिजे, यांनी कळस दिला. वरचा माणूस बदलला, नवा म्हणाला कळस कशाला? शिक्षा ड्रॉइंगवर सही करणाऱ्याला. तुमच्यातले जे उद्या सरकारी खात्यात जातील त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली तर बरं.

आणि आणखी एक गोष्ट त्या फर्मानात नाही. सात बहिणींपैकी विद्यापीठाच्या इमारतीवर कैद्यांकडून काम करून घेतलं गेलं, हे आता सर्वांना माहीत आहे. टक्क्यांच्या हिशेबात ती माणसं धरायची कशी? मला येत नाही.

ख्रुश्चेवने मात्र नुसतं भाषण केलं नाही. १९५७ पासून पाच मजली, लिफ्ट नसलेल्या, पुढे कारखान्यात भिंती ओतून जोडलेल्या साध्या इमारती देशभर उभ्या राहू लागल्या. लोक चेष्टेने त्यांना ‘ख्रुश्चोव्का’ म्हणतात. बुटकी छतं, एवढंसं स्वयंपाकघर. पण लाखो कुटुंबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार आणि स्वतःची कडी मिळाली. मी पाहिलेल्या एका ख्रुश्चोव्कात माझे तिथले सहकारी राहत होते. त्यांच्या आजीने मला बीटाचं बोर्श्च आणि काळा पाव वाढला. तो पाव आंबट आणि घट्ट असतो, आपल्या शिळ्या भाकरीची आठवण करून देतो. या आजीबाई तरुणपणी लेनिनग्राडस्कायासमोरच्या स्टेशनवरून रोज कामाला जायच्या. चौकात तीन मोठी स्टेशनं आहेत : लेनिनग्राडस्की, यारोस्लाव्स्की आणि कझान्स्की. सैबेरियाची ती सात दिवसांची गाडी यारोस्लाव्स्कीवरून सुटते. मी विचारलं, हॉटेलात कधी गेला होतात? त्या हसल्या आणि हाताने ‘छे’ केलं. आमच्यासाठी नव्हतं ते, नातवाने भाषांतर केलं.

तेव्हाच्या पद्धतीही ऐकण्यासारख्या. परदेशी पाहुण्याची सगळी व्यवस्था ‘इंटूरिस्ट’ ही १९२९ सालची सरकारी संस्था बघायची. मोठ्या हॉटेलात प्रत्येक मजल्यावर टेबल टाकून एक बाई बसलेली असायची, तिला ‘देझुर्नाया’ म्हणत. किल्ली तिच्याकडे जमा करायची आणि येताना तिच्याकडूनच घ्यायची. कोण कुठे गेलं, किती वाजता आलं, कुणाबरोबर आलं, सगळं तिला ठाऊक. पण चहाला गरम पाणी, सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी, तेही तिच्याकडेच. आपल्या लेडीज होस्टेलच्या मावशींना डोळ्यांसमोर आणा, चित्र पूर्ण होईल. लेनिनग्राडस्कायात आता प्लास्टिकचं कार्ड आहे, बाई नाही. पण त्याच दौऱ्यात व्होल्गाकाठच्या एका शहरात मी एका जुन्या हॉटेलात दोन रात्री काढल्या, तिथे देझुर्नाया शिल्लक होत्या. त्यांनी मला रात्री अकराला आल्याबद्दल असं काही पाहिलं की मला एकदम सेकंड इयर आठवलं.

याच हॉटेलात नळाला गरम पाणी नव्हतं. जून महिना. यात हॉटेलाचा दोष म्हणावा तर तसा नाही, त्यामागे एक मोठी व्यवस्था आहे. रशियाच्या शहरांत घरोघरी गिझर नसतो. वीजनिर्मिती केंद्रात वीज तयार झाल्यावर उरलेली उष्णता फुकट न घालवता तिच्यावर पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या नळांनी पूर्ण शहराला पुरवतात. हिवाळ्यात खोल्या गरम ठेवणारे रेडिएटरही त्यावरच चालतात. थर्मलच्या मुलांनी कोजनरेशन वाचलं असेल, ते हेच, फक्त शहराच्या मापाचं. या नळांची तपासणी उन्हाळ्यातच करावी लागते, म्हणून एकेका भागाचं गरम पाणी दरवर्षी काही दिवस बंद. लोक आधीच पातेली काढून ठेवतात. मला अंघोळीला गार पाणी आलं याचं दुःख झालं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरची आपण माणसं. नळाला पाणी आलं, हेच पुष्कळ.

या वैभवशाली पाहुणचाराची एक मराठी बाजूही आहे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेला, चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा हा माणूस. त्याचा स्टालिनग्राडचा पोवाडा युद्धकाळातच गाजला होता. ज्या हॉटेलांत मॉस्कोच्या आजीबाईंना पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या देशात हा शाहीर मानाचा पाहुणा होता. त्या व्यवस्थेत हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि मला त्यातलं एकही पुसता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसला. तिथे गेलात तर जरूर बघून या.

उरलेल्या हॉटेलांचं काय झालं, थोडक्यात. क्रेमलिनजवळचं ‘मोस्क्वा’ हे १९३० च्या दशकातलं. त्याच्या दर्शनी भागाच्या दोन बाजू वेगवेगळ्या होत्या. कथा अशी की स्टॅलिनसमोर दोन पर्याय एकाच कागदावर ठेवले, त्याने मधोमध सही केली आणि विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. कथाच ती, पण लोकांना खरी वाटली यातच सगळं आलं. ते २००४ ला पाडून पुन्हा तशाच चेहऱ्याचं बांधलं. आठव्या बहिणीच्या अर्धवट पायावर १९६७ साली ‘रोसिया’ उघडलं, तीन हजारांवर खोल्या, सपाट, काटकसरी, ख्रुश्चेवच्या फर्मानाला शोभेल असं. १९७७ च्या आगीत तिथे ४२ माणसं गेली. २००६ पासून ते पाडलं आणि आता तिथे बाग आहे. गंमत बघा, ज्याच्यात जागेचा चोख वापर होता ते कुणाला ठेवावंसं वाटलं नाही, आणि बावीस टक्केवालं अजून झळकतंय. मी वर्गात काटकसर शिकवतो आणि शिकवत राहणार. लेनिनग्राडस्काया मला कुणी पेपरात सोडवून दिलं असतं तर मी नापास केलं असतं. पण पाडायला निघाले तर मी त्याच्याच बाजूने उभा राहीन, आणि कारण विचाराल तर माझ्याजवळ त्या छताखालच्या अर्ध्या तासाखेरीज काही नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून थांबतो. रशियात तळमजला म्हणजेच पहिला मजला, त्यामुळे तिसरा म्हटलं की आपला दुसरा; मी पहिल्या रात्री भलत्याच दारात कार्ड घासत होतो. परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंदणी हॉटेल करतं, पण त्याची कागदी पावती मागून घ्या आणि पासपोर्टात ठेवा. शाकाहारी असाल तर ‘ग्रेच्का’ हा शब्द पाठ करा, म्हणजे कुट्टू, भातासारखा शिजवून देतात, पोट भरतं. ‘उक्राईना’त राहणं परवडलं नाही तरी आत जाऊन १९७७ साली केलेलं मॉस्कोचं मोठं मॉडेल बघा, पंचाहत्तरास एक अशा प्रमाणात, दिव्यांसह. सर्वेच्या मुलांनी तर स्केल मनातल्या मनात तपासून बघायलाच हवं.